डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच : निरोप नीट कसा पोहोचवायचा

मुलांच्या अभ्यासावर बोलताना आज इंग्रजी व्याकरणातला एक छोटा पण हमखास गुण खाणारा भाग घेऊया. डायरेक्ट आणि इनडायरेक्ट स्पीच, म्हणजेच प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन. नववी-दहावीतली मुलं जवळ असतील तर त्यांनाही बोलवा. वही-पेन नसलं तरी चालेल, आज कानानेच शिकायचं आहे.

आखातातल्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं सीबीएसईच्या शाळांत शिकतात. त्यांना नववी-दहावीच्या इंग्रजीत रिपोर्टेड स्पीच असतंच. पुढे कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी भारतात परतलेली मुलं स्पर्धा परीक्षांना बसतात, तिथेही हा विषय पाठ सोडत नाही. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत, दुसऱ्या टप्प्याच्या इंग्रजी अभ्यासक्रमात हा प्रकार नाव घेऊन दिलेला आहे. तिथे बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा होतो. आपल्या एमपीएससीच्या गट ब आणि गट क मुख्य परीक्षांतही मराठीच्या बरोबरीने इंग्रजी व्याकरण असतं.

आता पालक म्हणतात, "आमची मुलं तर दिवसभर इंग्रजीतच बोलतात, त्यांना व्याकरणाची काय भीती?" पण गुण जातात ते नेमके अशाच मुलांचे. त्यांना चारही पर्याय कानाला बरे वाटतात, आणि कानाला जो सगळ्यात सवयीचा वाटतो त्यावर ती खूण करून मोकळी होतात. म्हणून पंचवीस नियमांची यादी पाठ करण्याआधी या प्रकरणाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती समजून घेऊ.

मराठी बोलणाऱ्याला तसंच ठेवते, इंग्रजी त्याला हलवते

आई फोन ठेवते आणि घरात सांगते, "आत्या म्हणाली की मी शनिवारी येते." आपल्याला लगेच कळतं की येणार आहे आत्या. वाक्यातला "मी" हा आत्याचा "मी" आहे. मराठीत "की" लावला की पुढे मूळ बोलणाऱ्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवता येतात. "मी" तोच राहतो, काळ तोच राहतो, "उद्या"सुद्धा तसाच राहतो. आपण निरोप देतो तेव्हा बोलणाऱ्याचा आवाजच जणू पुढे नेतो.

इंग्रजीत हे चालत नाही. "आत्या सेड दॅट आय विल कम ऑन सॅटर्डे" असं म्हटलं, तर इंग्रजी ऐकणारा समजेल की येणार आहे ती सांगणारी आई! इंग्रजीत अवतरणचिन्हं काढली की वाक्याचा मालक बदलतो. आता ते वाक्य निरोप सांगणाऱ्याचं होतं, आणि त्यातलं सगळं त्याच्या जागेवरून पाहावं लागतं. म्हणून बरोबर वाक्य होतं, "आत्या सेड दॅट शी वुड कम ऑन सॅटर्डे."

आमच्या आयटीच्या कामात मीटिंग संपली की मिनिट्स लिहायची असतात. क्लायंट म्हणतो, "आय विल साइन टुमॉरो." मी मिनिट्समध्ये तसंच लिहिलं, तर सही मी करणार असा अर्थ निघेल, आणि कागद चार दिवसांनी उघडणाऱ्याला "टुमॉरो" म्हणजे कोणता दिवस तेही कळणार नाही. इनडायरेक्ट स्पीच म्हणजे हेच मिनिट्स लिहिणं. त्यासाठी वाक्याला चार प्रश्न विचारायचे : कोण, केव्हा, कुठून आणि कशासाठी.

पहिला प्रश्न : कोण?

हा सर्वनामांचा प्रश्न. भारतातल्या क्लासेसमध्ये यासाठी "एस-ओ-एन" हा मंत्र शिकवतात. अवतरणातलं प्रथमपुरुषी सर्वनाम, म्हणजे आय, माय, वी, हे सब्जेक्टप्रमाणे, म्हणजे बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं. द्वितीयपुरुषी, म्हणजे यू, युअर, हे ऑब्जेक्टप्रमाणे, म्हणजे ज्याला सांगितलं त्याच्याप्रमाणे बदलतं. आणि तृतीयपुरुषी असेल तर नो चेंज.

उदाहरण घ्या. मदर सेड टू राहुल, "यू हॅव लेफ्ट युअर बॅग इन माय कार." इथे "यू" आणि "युअर" म्हणजे राहुल, "माय" म्हणजे आई. म्हणून उत्तर : मदर टोल्ड राहुल दॅट ही हॅड लेफ्ट हिज बॅग इन हर कार.

आता हेच वाक्य राहुल स्वतः मित्राला सांगतोय असं समजा. तो म्हणेल, मदर टोल्ड मी दॅट आय हॅड लेफ्ट माय बॅग इन हर कार. वाक्य तेच, पण सांगणारा बदलला आणि सर्वनामं बदलली. मंत्र विसरला तरी हरकत नाही, "हा मी नक्की कोण?" एवढं विचारलं की उत्तर सापडतं.

दुसरा प्रश्न : केव्हा?

इथे मराठी कान सगळ्यात जास्त फसवतो. "तो म्हणाला की मी दमलोय." म्हणाला भूतकाळात, दमलोय वर्तमानात. मराठीला यात काहीच वावगं वाटत नाही. इंग्रजीत मात्र मुख्य क्रियापद "सेड" असं भूतकाळी असलं, की आतलं क्रियापद एक पायरी मागे जातं.

पायऱ्या अशा मोजा. साधा वर्तमानकाळ साधा भूतकाळ होतो : "गो" चं "वेंट". चालू वर्तमानकाळ चालू भूतकाळ होतो : "इज गोइंग" चं "वॉज गोइंग". पूर्ण वर्तमानकाळ पूर्ण भूतकाळ होतो : "हॅज गॉन" चं "हॅड गॉन". साधा भूतकाळही पूर्ण भूतकाळ होतो : "वेंट" चं "हॅड गॉन". आणि चालू भूतकाळ, "वॉज गोइंग", होतो "हॅड बीन गोइंग". पूर्ण भूतकाळ, "हॅड गॉन", ही शेवटची पायरी. त्याच्या खाली जागाच नाही, म्हणून तो तसाच राहतो.

साहाय्यक क्रियापदांचंही तसंच. विल चं वुड, कॅन चं कुड, मे चं माइट. मस्ट सक्तीच्या अर्थाने असेल तर बहुतेक वेळा हॅड टू. वुड, कुड, माइट, शुड आणि ऑट टू आहेत तसेच राहतात.

पायरी कधी उतरायची नाही, याचे दोन प्रसंग लक्षात ठेवा. पहिला, मुख्य क्रियापदच वर्तमानकाळी किंवा भविष्यकाळी असेल तर. ही सेज, "आय अ‍ॅम बिझी." याचं होतं, ही सेज दॅट ही इज बिझी. सर्वनाम बदललं, काळ नाही. दुसरा, आतली गोष्ट कायमची खरी असेल तर. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे बाई काल म्हणाल्या म्हणून आज थांबत नाही. म्हणून, द टीचर सेड दॅट द अर्थ गोज राउंड द सन. इतिहासातल्या ठरलेल्या घटनेचा साधा भूतकाळही तसाच ठेवतात : द टीचर सेड दॅट इंडिया बिकेम इंडिपेंडंट इन 1947.

आता इंग्रजी सराईत बोलणाऱ्या मुलांसाठी खास सूचना. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूससुद्धा "ही सेड ही इज इल" असं म्हणतो, कारण तो माणूस अजून आजारीच आहे. ती चूक नाही, पुस्तकंही ते मान्य करतात. पण परीक्षेतल्या सुट्या वाक्याला मागेपुढे संदर्भ नसतो. तो माणूस अजून आजारी आहे की बरा झाला, हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून तिथे "ही सेड दॅट ही वॉज इल" हाच पर्याय निवडायचा.

तिसरा प्रश्न : कुठून?

"आज", "उद्या", "इथे", "हे" या शब्दांना स्वतःचा ठरलेला अर्थ नसतो. बोलणारा कुठे आणि कधी उभा आहे, त्यावर तो ठरतो. हे परदेशातल्या घरांना वेगळं सांगायला नको. दुबईत किंवा मस्कतमध्ये रात्रीचे 11 वाजलेले असतात तेव्हा पुण्यात साडेबारा होऊन तारीख बदललेली असते. आपण "आज" म्हणतो तो दिवस तिथे "काल" झालेला असतो. किंवा असं समजा, आजीने सोमवारी व्हॉइस मेसेज पाठवला, "उद्या मला डॉक्टरांकडे न्यायचंय." तो आपण ऐकला मंगळवारी आणि पुण्यातल्या काकांना तसाच कळवला, "आजी म्हणाली उद्या न्यायचंय." काका बुधवारी गाडी काढतील आणि डॉक्टरांची वेळ हुकेल. आजीचा "उद्या" हा सोमवारचा "उद्या" होता.

इंग्रजी व्याकरण हा हिशेब सक्तीने करायला लावतं. नाउ चं देन होतं. टुडे चं दॅट डे. टुमॉरो चं द नेक्स्ट डे. यस्टरडे चं द प्रीव्हियस डे. अगो चं बिफोर. लास्ट वीक चं द प्रीव्हियस वीक. नेक्स्ट वीक चं द फॉलोइंग वीक. हिअर चं देअर, धिस चं दॅट, दीज चं दोज.

निरोप त्याच दिवशी, त्याच जागी दिला तर खऱ्या आयुष्यात टुमॉरो हा टुमॉरोच राहील आणि हिअर हे हिअर. परीक्षेत मात्र तसं सुचवलेलं नसेल तर शब्द बदलायचा.

चौथा प्रश्न : कशासाठी?

बोलणाऱ्याने माहिती दिली, प्रश्न विचारला, काम सांगितलं की नुसता उद्गार काढला? यावर पूर्ण वाक्याचा सांगाडा ठरतो.

माहिती दिली असेल तर सेड दॅट किंवा टोल्ड. इथे एक खाचखळगा आहे. मराठीत आपण "तिने मला सांगितलं" म्हणतो, म्हणून मुलं "शी सेड मी" किंवा "शी टोल्ड टू मी" लिहितात. दोन्ही चूक. सेड च्या पुढे माणूस आणायचा तर मध्ये टू हवा. टोल्ड च्या पुढे माणूस थेट येतो, मध्ये टू नको.

प्रश्न विचारला असेल तर आपला "की" आडवा येतो. "त्याने विचारलं की तू कुठे राहतोस?" हे मराठी अगदी बरोबर. त्याचं मनातल्या मनात भाषांतर होतं, "ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह." भारतीय विद्यार्थ्यांची ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि परीक्षा घेणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. मराठीचा "की" माहितीलाही चालतो आणि प्रश्नालाही. इंग्रजीचा दॅट प्रश्नाला चालत नाही. व्हेअर, व्हाय, व्हेन असा प्रश्नशब्द असला, की तोच जोडणीचं काम करतो. शिवाय प्रश्नाची उलटी रचना सरळ करायची : आधी कर्ता, मग क्रियापद. डू, डज, डिड जातात, प्रश्नचिन्हही जातं. उरतं, ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.

प्रश्नशब्द नसेल, उत्तर हो किंवा नाही असं असेल, तर इफ किंवा वेदर घ्यायचं. इथे मराठी आपल्याला मदत करते. "तू आलास का?" यात "का" शेवटी आहे, म्हणजे हो-नाहीचा प्रश्न, म्हणून इफ. "तू का आलास?" यात "का" मध्ये आहे, म्हणजे कारण विचारलंय, म्हणून व्हाय. मुलांना प्रश्न आधी मराठीत म्हणायला लावा, "का" ची जागा उत्तर सांगून जाते.

काम सांगितलं असेल तर मराठी आणखी जवळ येते. आई राजूला म्हणाली, "दार लाव." हे आपण दुसऱ्याला कसं सांगतो? "आईने राजूला दार लावायला सांगितलं." हे मराठीतलं अप्रत्यक्ष कथनच आहे. त्यातल्या "लावायला" च्या जागी इंग्रजीत "टू शट" येतं : मदर टोल्ड राजू टू शट द डोअर. नकार असेल तर नॉट टू. सांगण्याचा सूर पाहून क्रियापद निवडायचं. हुकूम असेल तर ऑर्डर्ड, विनंती असेल तर रिक्वेस्टेड, सल्ला असेल तर अ‍ॅडव्हाइज्ड. प्लीज हा शब्द रिक्वेस्टेड मध्ये विरघळून जातो, तो परत लिहायचा नाही. आणि "लेट्स", म्हणजे आपलं "चला, जाऊया", असेल तर सजेस्टेड : ही सजेस्टेड दॅट दे शुड गो, किंवा ही सजेस्टेड गोइंग.

उद्गार असेल तर "अय्या", "अरेरे", "वा" हे शब्द गळतात आणि त्यांचा भाव उरतो. शी सेड, "व्हॉट अ ब्यूटिफुल हाउस!" याचं होतं, शी एक्सक्लेम्ड दॅट इट वॉज अ व्हेरी ब्यूटिफुल हाउस.

परीक्षेत पर्याय कसे गाळायचे

समजा प्रश्न आला, रोहन सेड टू मी, "व्हेअर डिड यू बाय धिस वॉच?" चार पर्याय असे :

पहिला, रोहन आस्क्ड मी दॅट व्हेअर आय हॅड बॉट दॅट वॉच.
दुसरा, रोहन आस्क्ड मी व्हेअर हॅड आय बॉट दॅट वॉच.
तिसरा, रोहन आस्क्ड मी व्हेअर आय हॅड बॉट दॅट वॉच.
चौथा, रोहन आस्क्ड मी व्हेअर आय हॅव बॉट दॅट वॉच.

चारही पूर्ण वाचून "कोणता बरा वाटतो?" असं विचारू नका. आधी सांगाडा पाहा. प्रश्न आहे, म्हणून दॅट व्हेअर गेलं, पहिला बाद. उलटी रचना चालत नाही, दुसरा बाद. मग सर्वनाम पाहा. "यू" म्हणजे मी, उरलेल्या दोन्हींत आय आहे, ठीक. मग काळ पाहा. डिड बाय हा साधा भूतकाळ, एक पायरी मागे हॅड बॉट. चौथा बाद, तिसरा बरोबर. सांगाडा, सर्वनाम, काळ आणि शेवटी वेळ-जागेचे शब्द, हा क्रम ठेवला की वेळ वाचतो आणि वजा गुणांचा धोकाही कमी होतो.

घरी सराव : निरोप्याचा खेळ

रोज जेवताना किंवा गाडीत दहा मिनिटं पुरतात. एकाने बोलायचं, मुलाने निरोप्या व्हायचं, तिसऱ्याने ऐकायचं. बाबा मुलाला इंग्रजीत एक वाक्य सांगतात, मुलाने ते आईला इनडायरेक्टमध्ये सांगायचं. आईने दोन प्रश्न विचारायचे : "कोण करणार आहे?" आणि "कोणत्या दिवशी?" निरोप बरोबर असेल तर आईला नीट उत्तर सापडतं. पहिला आठवडा फक्त माहितीची वाक्यं घ्या, दुसरा फक्त प्रश्न, तिसरा हुकूम आणि विनंत्या, चौथ्यात सगळं मिसळा. आणि उलट खेळही खेळा. आजीचा मराठी निरोप मुलाने इंग्रजीत सांगायचा, म्हणजे "मी" चा "शी" आणि "येते" चं "वुड कम" करण्याची सवय लागते.

आता पाच वाक्यं. मी थांबतो, तुम्ही आधी उत्तर द्या.

एक. फादर सेड टू मी, "आय अ‍ॅम वेटिंग फॉर यू अ‍ॅट द गेट." उत्तर : फादर टोल्ड मी दॅट ही वॉज वेटिंग फॉर मी अ‍ॅट द गेट.

दोन. शी सेड टू हिम, "हॅव यू पेड द बिल?" उत्तर : शी आस्क्ड हिम इफ ही हॅड पेड द बिल.

तीन. द डॉक्टर सेड टू द पेशंट, "डोंट ईट स्वीट्स." उत्तर : द डॉक्टर अ‍ॅडव्हाइज्ड द पेशंट नॉट टू ईट स्वीट्स.

चार. ही सेड, "आय मेट हर यस्टरडे." उत्तर : ही सेड दॅट ही हॅड मेट हर द प्रीव्हियस डे.

पाच. द टीचर सेड, "वॉटर बॉइल्स अ‍ॅट 100 डिग्रीज सेल्सिअस." उत्तर : द टीचर सेड दॅट वॉटर बॉइल्स अ‍ॅट 100 डिग्रीज सेल्सिअस. इथे पायरी उतरायची नाही, हे ज्यांनी ओळखलं त्यांना शाबासकी!

जाता जाता पालकांसाठी एक गोष्ट. या सरावात मराठी ही अडचण समजू नका. दोन्ही भाषांत निरोप कसा जातो हे ज्या मुलाला कळतं, त्याला परीक्षेचे गुण तर मिळतातच, शिवाय आजी फोनवर "आत्या म्हणाली की मी येते" म्हणाली, तर कोण येणार हे त्याला विचारावं लागत नाही. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांची मराठी नेमकी अशाच वाक्यांवर अडखळते. ही वाक्यं त्यांच्या कानावर पडू द्या, आणि तीच इंग्रजीत सांगायला लावा.

आज रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करा. निरोप्या कोण होणार, ते मुलांनाच ठरवू द्या. नमस्कार!